दाखवायचा दात

टुक. टुक. टुक.

बत्तिशीबाबांनी चांदीची काडी मास्तरांच्या पुढच्या दातावर वाजवली आणि आमच्या शिलाईच्या कारखान्यातल्या झाडून साऱ्या बाया एका सुरात "अगं बाई!" म्हणाल्या. मशिनं बंद होती. एरवी त्या घरघरीत शेजारणीची शिंक ऐकू येत नाही. त्या दिवशी दातावरची काडी पार शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आली. इस्त्रीवाली तापलेली इस्त्री हातात धरूनच पुढे घुसली होती. कुणीतरी ती काढून घेतली म्हणून बरं, नाहीतर चमत्काराबरोबर आगही बघायला मिळाली असती.

"वज्र!" बाबा गरजले. "लोण्याचं वज्र झालं! माणूस खरं बोलला!"

आणि खोटं कशाला सांगू, झालं होतंच. क्षणापूर्वी तो लेप मऊ होता. बाबांनी काळ्या कुपीतून काढून आम्हाला बोटाने दाबायला लावला होता. मीही दाबला होता. त्यातलाच मुगाएवढा कण त्यांनी मास्तरांचा दात कापसाने कोरडा करून त्यावर लावला. मग एक कोरीव लाकडी दांडा तोंडापाशी नेला. दांड्याच्या टोकातून निळाभोर उजेड पडला. बाबांनी मंत्र पुटपुटला, शेवटाला घंटी वाजवली, आणि लोण्याचा दगड झाला. विस्तव नाही, फुंकर नाही. नुसता उजेड.

एखाद्याचं वाईट बोलणं खरं झालं की आपण म्हणतो ना, बत्तिशी वठली त्याची? बाबांनी नाव तिथून उचललं होतं आणि धंदाही.

"जीभ मऊ, म्हणून घसरते," ते दांडा फिरवत सांगत होते. "दात कठीण, म्हणून टिकतो. जीभ लाच खाते, दात लाच खात नाही! बत्तीस दात म्हणजे बत्तीस साक्षीदार. मी विचारतो जिभेला, उत्तर घेतो दाताकडून!"

"आणि ज्याचे साक्षीदार पडलेत त्याने काय करायचं?" काज करणाऱ्या आजींनी मागून विचारलं. त्यांच्या तोंडात उरलेले साक्षीदार एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते.

"त्याचं खोटं बोलायचं वय गेलं, आजी," बाबा म्हणाले, आणि सगळ्या हसल्या. माणूस बोलका होता हे कबूल केलं पाहिजे.

आधी किरकोळ साक्षी झाल्या होत्या. सकाळी वेळेवर कोण आलं, मोठ्या मशिनची सुई कुणी मोडली. एकीने "मी नाही मोडली" म्हटलं, तर तिच्या दातावरचा लेप कापसाने पुसून निघाला. ती रडतच म्हणाली, "चुकलं हो बाबा, मीच मोडली." झालं! त्यानंतर त्या खोलीत बाबांवर संशय घेईल असं कुणी उरलं नाही.

पण बाबांना सुईसाठी बोलावलं नव्हतं. बोटासाठी बोलावलं होतं.

बोट माझ्या भाचीचं. माझ्या थोरल्या बहिणीची ही मुलगी. बहीण गेल्यापासून माझ्याकडेच वाढली. आमच्याकडे शाळांचे गणवेश शिवतात. ही कापणीच्या मशिनवर होती. त्या मशिनच्या पात्यापुढे बोटं राखायला एक लोखंडी पट्टी असते. पट्टी खाली असली की खडूची रेघ धड दिसत नाही आणि हात सावकाश चालतो. ती वर केली की कापड झपाझप कापलं जातं. बोटंही. भाचीच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गेलं.

ती म्हणाली, "मास्तरांनी पट्टी वर करून दिली. म्हणाले, माल उद्या जायचाय, हात चालव."

मास्तर म्हणाले, "मी? मी असं सांगेन? आजकालच्या पोरींना घाई. तिनेच केली वर."

मास्तर म्हणजे आमचे कापणीमास्तर. सगळे त्यांना मास्तर म्हणत, मी दादा म्हणे. नवरा गेल्यावर मी या कारखान्यात आले तेव्हा मला धड दोरा ओवता येत नव्हता. दादांनी स्वतःची कात्री माझ्या हातात दिली. "ही ठेव. कात्री परकी असली की हात बिचकतो," म्हणाले. वीस वर्षं मी त्याच कात्रीने कापते आहे. सख्खा भाऊ नाही मला. असता तरी याहून वेगळा काय असता?

त्यामुळे माझी अवस्था इकडे आड तिकडे विहीर. पोर खोटं बोलत नाही हे मला ठाऊक होतं. आणि दादा असं करतील हे मनाला पटत नव्हतं. मी माझ्यापुरती समजूत काढली होती: दादा विसरले असतील. गडबडीत होतं माणसाचं.

कारखान्याच्या बाई, म्हणजे आमची मालकीण, मनाने वाईट नाहीत. "दोघंही माझीच माणसं," त्या म्हणाल्या. "कुणाला खोटं पाडू?"

"बाई, ती पट्टी पान्याशिवाय हलत नाही," भाची म्हणाली. "आणि पाना मास्तरांच्या कमरेला असतो."

"आता पाना-बिना नको गं. बाबा काय ते सांगतील. जो खोटा ठरेल त्याने कारखाना सोडायचा."

बाबांचं नाव सुचवलं होतं दादांनीच. मला तेव्हा त्यात काही खटकलं नाही. उलट वाटलं, बघा, माणूस किती निर्मळ, स्वतःच परीक्षेला उभा राहतोय.

तर दादांचा दात वज्र झाला आणि भाचीची पाळी आली. बांधलेला हात छातीशी धरून ती स्टुलावर बसली.

"पट्टी मास्तरांनी वर केली," ती म्हणाली. स्वच्छ, न अडखळता.

बाबांकडे एक केशरी काच होती. तिला ते सूर्यकाच म्हणत. "हे तेज उघड्या डोळ्यांना सोसत नाही," असं म्हणून एरवी ते ती आपल्या डोळ्यांपुढे धरत. या वेळी काच धरलेला हात जरा खाली आला. मला वाटलं, दमले असतील. दांडा पुढे झाला, मंत्र सुरू झाला, आणि पोरीच्या ओठांवर निळ्याऐवजी निखाऱ्यासारखा मंद केशरी उजेड पडला.

"पुन्हा रंग बदलला! सुईच्या वेळेसारखा!" इस्त्रीवाली किंचाळली.

"सत्य कोपलं!" बाबा लगेच म्हणाले. दुसऱ्याने हेरलेला चमत्कार आपल्या नावावर घ्यायला ते तयारच होते. घंटी वाजली. कापूस फिरला. लेप पुसून कापसावर आला.

दादा भिंतीशी उभे होते. गळ्यातली मोजायची टेप काढून बोटाला गुंडाळत होते आणि खाली बघत होते. बिचारे, मला वाटलं, पोरीसाठी त्यांचाही जीव तुटतोय.

*

बाईंपुढे मी दाताच्या कण्या केल्या. त्यांनी एवढंच मान्य केलं, की हातातली ऑर्डर जाईपर्यंत पोरीने बटणं लावायला यावं. नवं मशिन येणार होतं, त्याला हात लावायला बाबा पुन्हा येणार होते. त्यानंतर तिने येऊ नये.

घरी भाची जेवायची, भांडी घासायची, सगळं करायची. बोलायची नाही. एकदा उशी उसवत असताना अचानक म्हणाली, "मावशी, मीच वर केली असेन का गं पट्टी?"

"अगं, काय बोलतेस?"

"दात खोटं कशाला बोलेल? सगळ्यांचे खरे बोलले. मला आठवतंय ते मीच मनाने रचलं असेल. बोट गेलं तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं माझं."

नोकरी दुसरी मिळते. बोट गेलं, त्यावाचून चालवून घेता येतं. पण पोरीने स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास सोडला, तर तो मी कुठल्या दुकानातून आणणार होते?

त्यातच माझी दाढ ठणकायला लागली. दुःख एकटं येत नाही म्हणतात. माझं तर दाढ घेऊन आलं. गेले दातांच्या डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणजे चष्म्याची दोरी गळ्यात अडकवलेली, सतत गुणगुणणारी बाई. तिने दाढ कोरली, धुतली, कसलंसं निळसर पाणी लावलं, वाळवली, चिकट काहीतरी चोपडलं. मग एका काळ्या नळीतून मऊ पांढरट लगदा काढून दाढेत भरला आणि पेनासारखं काहीतरी माझ्या तोंडात घातलं. त्याच्या टोकाला एक केशरी पापुद्रा होता.

निळा उजेड पडला. थोड्या वेळाने पीप असा आवाज आला. तिने काडी वाजवली.

टुक. टुक.

मी खुर्चीतून ताडकन उठले. तोंडातला कापूस काढला आणि म्हटलं, "मी तर काही बोललेच नाही! मग हे कडक कसं झालं?"

डॉक्टर घाबरून मागे सरली. "म्हणजे? बोलायचं कशाला होतं?"

मग मी सगळं सांगितलं. आधी ती हसली. पोरीच्या बोटापाशी आल्यावर हसायची थांबली.

"बसा," ती म्हणाली. "दाढ अजून निम्मीच भरली आहे. भरता भरता सांगते."

ती सांगत होती आणि मी आ वासून ऐकत होते. तसाही आ वासलेलाच होता. त्या लगद्यात एक पिवळसर पूड असते. तिला फक्त निळा उजेड लागतो. तो पडला की ती जागी होते आणि लगद्यातल्या सुट्या कणांना एकमेकांचे हात धरायला लावते. हातात हात, हातात हात, अशा साखळ्या होतात, साखळ्यांची जाळी होते, आणि मऊ ते कडक होतं. पोट दुखत असो की मन, माणूस साधू असो की चोर, लगद्याला काही पडलेली नसते.

"आणि केशरी काच?"

"ती निळा उजेड गिळते. म्हणून तर आम्ही आमच्या डोळ्यांपुढे धरतो. दिवा आणि लगदा यांच्या मध्ये धरली तर लगदा तसाच राहील."

"आणि मंत्र?"

"किती वेळ दिवा धरायचा ते मोजायला बरा असेल." ती पुन्हा गुणगुणायला लागली. मग थांबून म्हणाली, "आणि घंटी कशासाठी ते कळलं ना? माझ्या दिव्यातून पीप ऐकलंत ते लपवायला."

दुसरा थर भरताना मी खुणेने विचारलं, एकदम का नाही भरत?

"उजेड आत जाता जाता दमतो. जाड गोळा भरला तर वरचा भाग दगड होतो आणि तळ कच्चा राहतो. वरून ठोकलं तर कळतच नाही. मग आतून सडतं. म्हणून पातळ थर द्यायचा, उजेड द्यायचा, मग दुसरा थर."

*

घरी येताना पाय हलके होते आणि छाती जड. काच खाली आणली ती बाबांनी. पण कधी आणायची हे बाबांना कोण सांगत होतं? सुई कुणी मोडली, उशिरा कोण आलं, हे बाहेरच्या माणसाला काय ठाऊक? आणि मला टेप आठवली. सुईच्या वेळीही दादा टेप गुंडाळत होते का? हो? नाही? माझंच मन मला उलटसुलट साक्ष द्यायला लागलं.

संशयावर कुणाला फासावर द्यायचं नाही, एवढं मला कळत होतं. तसं केलं तर बाबांत आणि माझ्यात फरक काय? परीक्षाच घ्यायची तर अशी घ्यायची, की दादांना सुटायला दार उघडं राहील.

नवं मशिन येणार त्याच्या आदल्या दिवशी मी दादांपाशी गेले. ते कागदावर बाहीचा नमुना काढत होते.

"दादा, तुम्हाला म्हणून सांगते. उद्या मी बाबांना बघणार आहे. माझी कात्री खणात ठेवणार आणि ती पिशवीत आहे अशी थाप मारणार. ओळखतात का बघू."

"वेडी आहेस का? देवमाणसाची परीक्षा घेतात का?"

"घ्यावीशी वाटते. तुमच्या-माझ्यातच राहू दे हं. कुणाला बोलू नका."

"मी कशाला कुणाला सांगतोय?" ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. वीस वर्षं मारतात तशीच.

दादांशी मी कधी खोटं बोलले नव्हते. त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. कारण कात्री मी खणात ठेवणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मशिनं बंद, पुन्हा गर्दी. बाबा आले, नव्या मशिनला हात लावला, जिभेची निंदा आणि दाताची स्तुती करून झाली. डॉक्टरीण मागे बटणांच्या पेट्यांवर बसली होती. मी बाईंना सांगितलं होतं, माझ्या ओळखीची आहे, दर्शनाला आलीय. भाची तिच्या शेजारी मान खाली घालून.

मी पुढे झाले. "बाबा, माझीही साक्ष घ्या."

"विचार कर हं, माई. दात भीडभाड ठेवत नाही."

"माझी दाढ नुकतीच भरलीय, बाबा. पुढचा दात घ्या." मी स्टुलावर बसले आणि पिशवी मांडीवर घेतली. "माझी कात्री या पिशवीत आहे."

बाबांनी दात पुसला, लेप लावला. मी त्यांच्याकडे बघतच नव्हते. त्यांच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होते. दादांच्या गळ्यात टेप लोंबत होती.

नका, दादा. मी मनात म्हणत होते. नुसते उभे राहा. हात खिशात घाला. खोकला आला तर खोका. बाबांना चुकू दे, म्हणजे बाबा एकटेच खोटे ठरतील आणि तुम्ही माझे दादाच राहाल. मी पोरीला समजावीन, दादा विसरले होते म्हणून. माझ्या मनाने मी अजून त्यांची वकिली करत होते.

त्यांनी टेप काढली. सावकाश, बोटाला गुंडाळली.

माझ्या नाकासमोर केशरी उजेड पसरला. मंत्र. घंटी. घंटीच्या खाली, आता कान तिथेच लावले होते म्हणून, बारीकसं पीप.

"खोटं!" बाबांनी कापूस उंच धरला. "लेप कच्चा! शब्द कच्चा! पिशवीत कात्री नाही!"

बायांनी उसासे टाकले. "हिनेही?" कुणीतरी म्हणालं. "घरच तसलं," दुसरीने पुरवणी जोडली.

मी पिशवी उलटी केली. कात्री फरशीवर खणकन पडली.

कात्री वाजली की भांडण होतं, असं माझी आई म्हणायची. त्या दिवशी भांडण झालंच. पण त्याला कात्री कारण नव्हती.

"अं... सत्याची लीला अगाध आहे," बाबा म्हणाले. "कात्री होती, पण तुझ्या मनात ती नव्हती! मनातली पिशवी रिकामी होती, माई!"

"बाबा, मनातली पिशवी राहू द्या," आजी मागून म्हणाल्या. "हातातली पिशवी सगळ्यांनी बघितली."

"ही कात्री खणात आहे असं मी एकाच माणसाला सांगितलं होतं," मी म्हटलं. "तो माणूस म्हणाला होता, कुणाला सांगणार नाही. तोंडाने नाही सांगितलं त्याने. शब्दाचा पक्का. टेपने सांगितलं."

सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. दादांनी टेप सोडायचा प्रयत्न केला. ती बोटाला घट्ट आवळली होती, सुटेना.

डॉक्टरीण पुढे आली तेव्हा बाबा आपला दांडा कापडात गुंडाळायला लागले होते. "असू द्या, तुमचा तुम्हाला लखलाभ," ती म्हणाली. "माझ्याकडे माझा आहे." तिने पिशवीतून दिवा काढला, एका मोठ्या बटणावर लेप लावला आणि बाईंना म्हणाली, "एक धडधडीत खोटं बोला."

बाई गोंधळल्या. "म्हणजे?"

"काहीही. सुचेल ते."

"मी... मी सोळा वर्षांची आहे."

"उजेडाकडे बघू नका, डोळ्यांना त्रास होईल," डॉक्टरीण म्हणाली. निळा उजेड. पीप. टुक, टुक. वज्र!

हसू फुटलं, पण दबकं. दुसरं बटण. या वेळी डॉक्टरणीने मध्ये केशरी काच धरली. आजी म्हणाल्या, "मला चार दात आहेत." पीप. लेप कापसाने पुसून आला.

"अगं, पण खरंच चारच आहेत!" आजींनी तोंड उघडून दाखवलं. आता मात्र खोली हसली. कुणी म्हणे मी राणी आहे, कुणी म्हणे इस्त्री थंड आहे. खोटी बटणं कडक होत होती, खरी मऊ राहत होती. शेवटी डॉक्टरणीने दिवा भाचीच्या हातात दिला. भाचीने बांधलेल्या हाताने काच धरली, चांगल्या हाताने दिवा. काच मध्ये घेतली, काढली, पुन्हा घेतली. मऊ, कडक, मऊ. ती हसत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी परत येत होतं, एवढं मला दिसलं.

मग डॉक्टरणीने डबीच्या झाकणात लेपाचा जाड गोळा भरला, वरून उजेड दिला आणि बाईंच्या हातात दिला. "ठोका."

बाईंनी नखाने ठोकलं. "दगड."

"आता झाकणातून काढून पालथा करा."

खालून बाईंचं नख सरळ आत गेलं.

"म्हणजे पोर खरी!" इस्त्रीवाली ओरडली. "पोर खरी ठरली!"

"नाही," भाची म्हणाली. कितीतरी दिवसांनी तिचा मोठा आवाज ऐकला आम्ही. "यावरून मी खरी ठरत नाही. फक्त लेप खोटा ठरतो. मी खरी की नाही ते बघायचं असेल तर मशिन बघा."

आम्ही सगळ्या जुन्या मशिनपाशी गेलो. पट्टी अजून वर होती. कुणी तिला हात लावला नव्हता. बाईंनी स्वतः हाताने ओढून बघितली, मग जोर लावून बघितली. नट तसूभर हलला नाही.

"पाना," बाई म्हणाल्या.

दादांच्या कमरेला पाना होता. तो तिथे रोज असतो. भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे, लखलखीत. आम्ही सगळ्या जणी त्यांच्या दाताकडे बघत होतो. कमरेकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"मलाही विचारायचे मास्तर, पट्टी वर करू का म्हणून," एक बाई हळूच म्हणाली. "मी भ्याले, नको म्हटलं." मग दुसरी. मग तिसरी. म्हणजे माहीत होतं. कमी-जास्त, पण माहीत होतं सगळ्यांना. बाबांच्या दिव्यापेक्षा हा उजेड माझ्या डोळ्यांना जास्त लागला.

गर्दी मशिनपाशी असताना बाबा मागच्या दाराने गेले. काळी कुपी विसरले. एवढे सर्वज्ञ, पण आपली कुपी कुठे राहिली ते त्यांना ठाऊक नव्हतं.

दादा मात्र गेले नाहीत. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दातावरचं ते वज्र केव्हाच निखळलं होतं, कुठल्याशा घासाबरोबर पोटात गेलं असणार. म्हणून हल्ली ते ओठ मिटून बोलत. डॉक्टर म्हणालीच होती, दात नीट तयार केल्याशिवाय नुसता चिकटवलेला लेप टिकत नाही.

"माझ्यावर आलं असतं तर या वयात मी कुठे गेलो असतो?" ते म्हणाले. "पोर तरुण आहे. तिला कुठेही काम मिळालं असतं."

"बोट मिळालं असतं का, दादा?"

"ती कात्री मी दिली होती तुला."

"म्हणून तर तीच घेतली."

आणखी काही बोलावंसं वाटलं. त्यांना शिव्या द्याव्यात, किंवा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावं; दोन्ही एकदम वाटलं, म्हणून दोन्ही केलं नाही. त्यांनी पाना काढून मेजावर ठेवला आणि निघून गेले. ठरल्याप्रमाणे. खोटा ठरेल त्याने जायचं होतं.

बाई भाचीचा हात हातात घेऊन रडल्या. "मला माफ कर. तू इथेच राहा, मशिन तूच सांभाळ."

भाची म्हणाली, "राहीन. पण बाई, मला खरं ठरवायला तुम्हाला आधी बाबा लागला, आता डॉक्टर लागली. मी समोर उभी होते. पाना समोर होता. नुसतं बघायचं होतं."



आता तुम्हाला एवढंच सांगायचंय. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, हे आपण पोरासोरांना शिकवतो आणि कुणी दिवा लावून दात दाखवला की स्वतःच विसरतो. दात साक्ष देत नाही. लेप साक्ष देत नाही. ज्याला निळा उजेड मिळाला ते कडक होतं, नाही मिळाला ते मऊ राहतं. कोण खरं बोललं ते त्याला कळत नाही. खरंखोटं करायचं असेल तर माणसाला विचारा, दुसऱ्यालाही विचारा, वस्तू हातात घेऊन हलवून बघा. पालथी करून बघा. आवडत्या माणसाची वस्तू असेल तर दोनदा पालथी करा. तिथेच आपलं नख बिचकतं.

माझी दाढ छान बसली. डॉक्टरणीने थरावर थर दिले, प्रत्येक थराला उजेड दिला. मी दादांवर वीस वर्षं विश्वास टाकला तो एकदम, मूठभर. वरून इतका टणक, की कधी उलटून बघावंसं वाटलं नाही.

कात्री अजून मीच वापरते. चांगली कापते. नव्या मशिनच्या पट्टीचा पाना आता भिंतीवर खिळ्याला असतो, सगळ्यांना दिसेल असा. परवा एका नव्या मुलीने भाचीला विचारलं, "ताई, पट्टी वर केली तर लवकर होईल का हो?"

भाचीने डावा हात तिच्यासमोर धरला आणि म्हणाली, "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मोजून बघ."